उकळली तरी न उघडणारी शिंपली

मले आवाज काढता येते. बाकी धड काईच येत नाई.

आमच्या अमरावतीत त्या टायमाले कापसापाई माणसं येडी झाली होती. सातासमुद्रापल्याड कुठंसक गोऱ्यायची आपसात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, आन आमच्या काळ्या मातीतल्या बोंडायले अचानक सोन्याचं तोंड फुटलं. माया बापाले वाटलं, पोट्ट्याले दोन अक्षरं वाचता आली पायजे, म्हणून मिसरूड फुटल्यावर मले सरकारी मराठी शाळेत घातलं. वर्गात माया मांडीएवढी पोट्टी, आन मधात मी, ढोरासारखा. मंग मन रमवाले आवाज काढत बसो. मापाऱ्याचा काढला, घाटावरून कापूस नेणाऱ्या गाडीवानाचा काढला, गाडीच्या वंगण नसलेल्या चाकाचा काढला. शेवटी गल्लीतल्या शास्त्रीबुवाचा काढला.

शास्त्रीबुवा बोलत कमी, खाकरत जास्त. बारीक खाकर म्हणजे पाणी आण. दोन लागोपाठ म्हणजे पाट मांड. लांब ओढलेली म्हणजे परका माणूस आलाय, आत हो. त्यायची बायको, तिले आमी सारे काकू म्हणो, चुलीपाशी बसल्या बसल्या खाकर ओळखे आन उठे. मी एकदा त्यायच्या ओट्यापाशी उभा राहून बारीक खाकरलो. आतून तांब्या घेऊन काकू बाहेर आली. मले पाह्यलं, तांब्या पाह्यला.

"मेल्या, आता पी," म्हणे.

पेलो. काय करता.

शास्त्रीबुवाच्याच आवारात एका खोलीत आमचा मास्तर राहे. समुद्राकाठचा माणूस, बारीक, नाकात बोलणारा, वाक्याचं शेपूट वर उचलून सोडून देणारा. खोली देताना शास्त्रीबुवानं त्याले ओट्यावर बसवून इचारलं होतं. मी तवा समोर बैल धूत होतो.

"तुमच्याकडचे काही ब्राह्मण मासे खातात असं कानावर येतं."

"खातात काही," मास्तर म्हणे. "आमच्या घरात नाही."

"बरं झालं. विहीर एकच आहे आपली."

मास्तराच्या बायकोले दिवस गेले होते. पहिलं पोर तिचं पोटातच आडवं होऊन गेलं होतं, मागच्या गावी, कोणी बाई जवळ नसताना. माहेर चार नद्या आन एक घाट ओलांडून. इथं तिचा सारा जीव काकूवर. काकूचा हात सगळ्या अमरावतीले ठाऊक. आडवं पोर पोटावरून चोळून सरळ करे. काकूनं तिले सांगून ठेवलं होतं, "घाबरू नको गं. कळ आली की भिंतीवर थाप मार. भिंतीपलीकडे तर आहे मी." मास्तर ही गोष्ट येणाऱ्या जाणाऱ्याले सांगे. शाळेतबी सांगे. भूगोल शिकवता शिकवता सांगे.

त्यातच कापूस घेणाऱ्या साहेबाची पेटी आली.

या साहेबाले दोन नाद. दिवसा कापूस, संध्याकाळी शिंपले. आमचा कापूस बैलबंड्या भरभरून मुंबईकडे जाये आन तिकडून त्याच कापसात गुंडाळलेले शिंपले त्याले वापस येत. साहेबाच्या मनात आलं का शाळेतल्या पोट्ट्यायले हे दाखवावं. त्यानं गावातल्या मोठ्या माणसायलेबी बोलावणं धाडलं. साहेबाचं बोलावणं म्हणून शास्त्रीबुवा आले, वकील आले, अडते आले. सतरंजीवर बसले. साहेब त्याच्या बोलीत बोले, मास्तर आमच्या बोलीत सांगे. आन मले पुढं उभं केलं, शिंपल्याचं सोंग आणाले. दोन्ही तळहात जोडून उघडझाक कराची, हे मायं काम.

खरं सांगतो, मास्तर त्या दिवशी असा बोलला का पुन्हा कोणी तसं बोललेलं म्या ऐकलं नाई. एरवी भूगोलात चाचपडणारा माणूस, पण शिंपला हातात आला तसा सुटलाच.

म्हणे, हा एकटा शिंपला नाही, हे एक मोठं कूळ आहे. साहेबाच्या देशात याला तिकडच्या एका प्रेमाच्या देवीचं नाव दिलंय. शास्त्रीबुवा खाकरले. मास्तर पुढं गेला. म्हणे, याच्या दोन्ही पाकळ्या सारख्या, एकीवर एक बरोबर बसणाऱ्या. वर ही चोच, पुढं वाकलेली. चोचीपुढं हा पानासारखा ठसा. पाठीमागं हा चिवट पट्टा. हा पाकळ्या उघडायला बघतो, आणि आतले दोन स्नायू त्या ओढून बंद ठेवतात. जिवंत असेपर्यंत ही ओढाताण चालू. मेला की स्नायू ढिला, आपोआप तोंड उघडं.

म्या हात उघडले, जीभ बाहेर काढून मान टाकली. पोट्टे हासले.

"अरे, जीव आहे तो," मास्तर मले म्हणे.

बरणी उघडली. तिच्यात दारूत बुडवलेला एक जीव, पांढरा, लिबलिबीत. अडत्यायनं नाकाले उपरणं लावलं. मास्तरानं काडीनं एकेक भाग दाखवला. डोकं नाही. डोळे नाहीत. हा पाय, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. यानं वाळू खणून खाली शिरायचं. या दोन नळ्या. एकीनं पाणी आत, दुसरीनं बाहेर. जे काही खायचं ते त्या पाण्यातूनच कल्ल्यांवर गाळून घ्यायचं. आणि हे काळीज. याचं आतडं याच्या काळजातूनच आरपार जातं.

"म्हणजे अडत्याच हाय," म्या म्हटलं. अडते सोडून सारे हासले.

मंग आली जात. साहेबानं मूठभर शिंपले सतरंजीवर ओतले, कोणी पिवळे, कोणी नागमोडी रेघांचे, कोणी गुळगुळीत, कोणी खवल्यासारखे. म्हणे, वेगळे करा. वकिलानं रंग पाहून ढीग केले. साहेबानं मान हालवली. मास्तर म्हणे, रंगावर जाऊ नका. उघडा, आणि चोचीखाली बिजागरी बघा. तिथं दात असतात, खायला नव्हे, नुसते एकमेकांत अडकायला. दोन्ही पाकळ्यांवर तीन तीन मोठे असले तर ते या कुळातले. बाहेरून कसेही असोत. मंग आत ही रेघ बघा, मांस इथपर्यंत चिकटलेलं असतं. नळ्या आत ओढायला जागा लागते, म्हणून मागच्या बाजूला ही रेघ आत वळते, खाडीसारखी. खोल वळली तर नळ्या लांब, म्हणजे तो वाळूत खोल राहणारा. थोडी वळली तर वरवर राहणारा. मेलेल्या शिंपल्यावरून जिवंतपणी तो किती खोल बसत होता ते सांगता येतं.

शास्त्रीबुवायले हे आवडलं. "आमच्या पूर्णेतले?" म्हणे. त्यायच्याच घरात नातवायले नदीच्या शिंपल्यानं दूध पाजत.

"ते दुसरं कूळ," मास्तर म्हणे. "आतून मोत्यासारखं चकचकीत, पण ही खाडीसारखी रेघ नाही. गोड्या पाण्यातले ते."

एक शिंपला असा निघाला, चोचीपाशी त्याले गोल भोक. सुतारानं सामत्यानं पाडावं तसं. साहेब म्हणे, एक गोगलगाय याच्यावर बसते, कवच घासत घासत भोक पाडते, आन आतला जीव तिथून खाऊन टाकते. शिंपला घट्ट बंद असतो. उघडत नाई, तरी खाल्ला जाते.

मी इचारलं, "मंग बंद राहून फायदा काय?"

साहेबाले मास्तरानं सांगतलं. साहेब हासला. म्हणे, पोट्टं हुशार हाय.

आता सारं संपत आलं होतं. मास्तराच्या अंगात मात्र अजून भरती होती. तो म्हणे, ओहोटी लागली की बाया टोपल्या घेऊन खाडीत उतरतात. चिखलात दोन बारीक भोकं दिसली की खाली हा आहे समजायचं, बोटं घालायची. आन मंग माया मिटलेल्या हाताकडे पाहत, नाकात, शेपूट वर उचलून बोलला:

"आणि जी उकळली तरी उघडत नाही, ती टाकून द्यायची. ती आधीच मेलेली असते."

मास्तराच्या थोबाडावरचं हासू अजून तसंच होतं. त्याले पत्ताच नव्हता.

शास्त्रीबुवा लय गोड आवाजात म्हणे, "मास्तर, टाकून द्यायची म्हणजे कशातून?"

मास्तरानं काडी बरणीत ठेवली. बाहेर काढली. पुन्हा ठेवली.

"कालवणातून का?" शास्त्रीबुवा म्हणे. ओरडले नाई. उठून धोतर झटकलं आन गेले. त्यायच्या मांगं वकील, त्यायच्या मांगं अडते. साहेब इचारून राह्यला होता का काय झालं. मास्तरानं त्याले काय सांगतलं मले नाई समजलं. पण साहेब खो खो हासला, मास्तराच्या पाठीवर थाप मारली आन एक मोठा पांढरा शिंपला त्याले बक्षीस देला.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सभा बसली. मास्तर म्हणे, मी तसं बोललोच नाही. साहेब बोलले ते मी सांगितलं. ऐकण्यात फरक झाला असेल.

जमलेले जराक घुटमळले. कोणाले शब्द नीट आठवेनात. कोणी म्हणे शिजली, कोणी म्हणे भाजली. तवा वकिलानं मले बोलावलं.

"हा जसंच्या तसं काढतो," म्हणे. "काढ रे, मास्तर काय बोलले ते."

मास्तरानं माह्याकडे पाह्यलं. मले जे एकच येते, तेच मागून राह्यले होते, आन सारा पार कान देऊन बसला होता. म्या दोन्ही हात मिटले, नाकात घेतलं, शेपूट वर उचललं आन काढलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाई. मास्तरानं जिथं दम घेतला होता तिथं दम घेतला. डोळे झाकले असते तं मास्तरच बोलला म्हणाले असते.

"हा मास्तरांचाच शब्द," वकील म्हणे. "याच्या तोंडून आला तरी त्यांचाच."

सारे माना हालवून राह्यले. मले वाटलं, चांगलं रंगलंय, अजून एक होऊन जाऊ द्या. म्हणून म्या शास्त्रीबुवा काढले. दोपारी जेवण झाल्यावर ओट्यावर बसून आंबट ढेकर देतात ते, वैद्याची पुडी सोडतात ते, मधात कालवून चाटतात ते. "शंखभस्म घेतलं का पोटात कसं गार गार वाटतं."

पार फुटला. म्हातारे हासले. शास्त्रीबुवा लाल.

"ते जाळलेलं असतं," म्हणे. "अग्नीनं शुद्ध होतं."

"मास्तराचंबी चुलीवरच शिजलं असन, बुवा. का कच्चंच खाल्लं?"

आता तं वकीलबी हासला. मास्तरसुद्धा हासला, थोडा. त्याले वाटलं असन, हासले म्हणजे सुटलो. लोकायनं पोट धरून हासून घेतलं, डोळे पुसले, आन मंग ठरवलं: मास्तराची पंगत बंद, विहीर बंद, खोली खाली करा. बायामाणसायनं त्या घरी पाय ठेवाचा नाई.

शास्त्रीबुवा मास्तराजवळून जाताना म्हणे, "दात दिसले की कूळ कळतं. तुम्हीच शिकवलंत."

मास्तरानं परकोटाच्या बाहेर पिंजाऱ्याच्या आवारात जागा घेतली. पिंजारी भला माणूस, पण त्याची बायको आंधळी आन सून सोळा वर्षाची. शाळेत पोट्टे कमी झाले. जे आले ते तासभर दोन्ही हात मिटून बसत, मास्तर काई इचारे तवा उघडत. म्या शिकवलं नव्हतं. पोट्टी आपली आपणच शिकतात. बाजारात मले धरून लोक म्हणत, "काबे, शिंपली करून दाखव." करो. मास्तर समोरून जाताना केलं तं जास्त हासत.

मास्तराच्या बायकोचे दिवस भरले. एका दोपारी मी आमच्या बैलायले वैरण टाकून राह्यलो होतो, तं मास्तर पळत आला. पायात काई नाई. शास्त्रीबुवाच्या ओट्याच्या खाली, पायरीच्याबी खाली, उनात उभा राह्यला. पायरीवर चढाची सोय नव्हती.

"काकू," म्हणे. "पाय आला आहे. डोकं नाही, पाय."

शास्त्रीबुवा देवळात पुराण सांगाले गेले होते. काकू आतल्या दाराशी उभी. मले तिचा एक हात दिसे, चौकटीवर ठेवलेला.

"काकू, मागच्या वेळीही असंच अडलं होतं," मास्तर म्हणे.

"ते घरी नाहीत," काकू आतून म्हणे. "मला सांगून गेलेले नाहीत."

"त्यांना विचारून येतो."

"नको. ते नाहीच म्हणतील. मग तर जाताच येणार नाही."

मास्तर खाली बसला. रडला नाई. पायरीकडे पाहत बसला. पिंजाऱ्याच्या आवारातून आरोळी इथंवर ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी तो कान लावून होता.

मी वैरणीचा भारा ठेवला आन बाजूच्या बोळीतून शास्त्रीबुवाच्या पडवीत शिरलो. पुण्यबिण्य माया डोक्यात नव्हतं. मले पाहाचं होतं, निघते का. पडवीच्या दाराआड उभा राह्यलो, छाती फुगवली, शास्त्रीबुवाचा घसा लावला आन म्हटलं:

"जा. मास्तरांकडे जा. मी सांगतोय."

मंग चौकटीवरचा हात निघाला. काकूनं तेलाची वाटी घेतली, जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेतल्या, पदर खोचला आन समोरच्या दारानं निघाली. मास्तराले म्हणे, "चला लवकर." पडवीकडे तिनं पाह्यलंच नाई.

पोट्टी झाली. आईबी जगली, लेकबी. पिंजाऱ्याची सून सांगे, काकूनं आत हात घालून पोर वळवलं, आन बाहेर आल्यावर पोरगी गप्प होती म्हणून तिचे पाय धरून उलटी केली, थापटली. पहिलं मधाचं बोट चाटवाले घरात वाटी सापडेना, तं मास्तरानं साहेबाचा पांढरा शिंपला देला. काकूनं तो धुतला, मध घातला, पोरीच्या ओठाले लावला. तोच शिंपला मंग दुधाले ठेवला.

पाराले हे संध्याकाळपर्यंत ठाऊक झालं. सकाळी पुन्हा सभा. यावेळेस काकू खाली मान घालून एका बाजूनं उभी.

"कोणाला विचारून गेलीस?" शास्त्रीबुवा म्हणे.

"तुम्ही सांगितलंत," काकू म्हणे. "पडवीतून."

"मी? मी देवळात होतो."

"आवाज तुमचाच होता."

झालं. सारे माह्याकडे वळले. वकील म्हणे, "काहून बे, तूच होता ना?"

"मीच होतो," म्या म्हटलं. "पण वकीलसाहेब, इथंच ठरलंय. माया तोंडून आला तरी शब्द ज्याचा आवाज त्याचाच. मास्तराच्या येळेस तुमीच म्हटलं. मंग आता शास्त्रीबुवायनं सांगतलं असं धरा."

कोणी हासलं नाई. वकिलानं डोकं खाजवलं. एक म्हातारा म्हणे, पोट्टं बरोबर बोलून राह्यलं. दुसरा म्हणे, मंग मास्तराचंबी मोडते का काय. थोडा टाइम असा गेला का मास्तराची विहीर जवळजवळ उघडलीच होती. मंग शास्त्रीबुवा लांब खाकरले.

काकू वळली आन घराकडे चालू लागली. परके पुरुष बसले होते ना. सवयच ती.

"पाहा," शास्त्रीबुवा म्हणे. "हिला माझी खाकर कळते, आणि माझा आवाज कळत नाही?"

वकिलानं मान डोलवली. प्रायश्चित्त काकूले. पंचगव्य घ्याचं, उपास कराचे, आन पौर्णिमेपर्यंत ओसरीच्या कोपऱ्यात बाजूले बसाचं, भांडं वेगळं, चुलीले हात लावाचा नाई. मले काईच नाई. मी कुणब्याचा पोर, मले बाटवाले काई उरलंच नव्हतं. मास्तराची बदली साहेबानं अकोल्याले करून देली. पोर, शिंपला, बायको बंडीत घालून तो गेला. मोर्णा नदीपल्याड जुन्या शहरात राहते म्हणतात. कोणाले काई शिकवताना मधातच थांबते म्हणतात.

काकू कोपऱ्यात बसलेली असताना मी एकदा ओट्यापाशी गेलो. तांदूळ निवडून राह्यली होती, तिच्यासाठी वेगळ्या काढलेल्या सुपात.

"आवाज चांगला काढलास रे," म्हणे. "हुबेहूब."

"मंग."

"पण चुकलास. तू 'जा' म्हणालास. लग्न झाल्यापासून यांनी घरात मला आख्खा शब्द दिलेला नाही."

"म्हणजे तवाच समजलं तुमाले?"

"चौकटीवर हात होता तेव्हाच."

"मंग गेल्या काहून?"

ती खडे वेचत राह्यली. मी निघालो, तं मांगून म्हणे, "एकदा खाकर. बारीक."

"आता?"

"हो. ते झोपलेत आत. खाकर."

मी बारीक खाकरलो.

सूप मांडीवरून घसरलं. काकू उठली होती, पदर डोक्यावर घेतला होता, तांब्याकडे हात गेला होता. तांब्या तिच्या हद्दीत नव्हता. तिनं हाताकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. मंग खाली बसली आन सांडलेले तांदूळ गोळा करू लागली.